कोर्टात नकाशा, तक्ता किंवा व्हिडिओ दाखवायचाय? तज्ज्ञाची मदत घेताना काय करावं

कोर्टात चित्र दाखवायचं ठरलं की आधी माणूस शोधावा लागतो. तो चित्रकार किंवा डिझायनर नसला तरी चालेल, पण पिंजऱ्यात उभं राहून "मी जागेवर गेलो, मी मोजलं, मग हे काढलं" असं त्याला शपथेवर सांगता आलं पाहिजे. असा माणूस हाताशी नसेल तर कितीही देखणा नकाशा असू दे, तो फाईलीतला एक रंगीत कागदच राहतो.

हे मी अनुभवानं शिकलो. वकिलीच्या तिसऱ्या वर्षी एका तालुका कोर्टात बांधाचा दावा होता. हौसेनं एका ड्राफ्ट्समनकडून सुंदर नकाशा काढून घेतला. विहीर निळी, बांध तपकिरी, अतिक्रमण लाल. उलटतपासणीत समोरच्या ज्येष्ठ वकिलांनी त्याला तीन प्रश्न विचारले. शेतात गेला होतात? नाही. मापं कुणी दिली? वादींनी. उत्तर दिशा कशी ठरवली? वादींनी दाखवली तशी. एवढं विचारून ते खाली बसले आणि नकाशाचा विषय संपला. माझ्या पक्षकाराची बाजू खरी होती, पुढे सरकारी मोजणीत ती दिसलीही. पण मधे दीड वर्ष गेलं आणि त्या माणसाला दोन पेरण्या वादातल्या जमिनीबाहेर उभं राहून बघाव्या लागल्या. त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून हे सगळं नव्यानं वकिली सुरू केलेल्यांसाठी सविस्तर लिहितोय. ज्यांचा दावा चालू आहे आणि वकील एवढे कागद का मागतात हे ज्यांना कळत नाही, त्या पक्षकारांनाही याचा उपयोग व्हावा.

आधी ठरवा: हा पुरावा आहे की समजावणी?

कोर्टात दिसणाऱ्या चित्रांचे दोन वंश आहेत. काही चित्रं स्वतःच पुरावा असतात: सीसीटीव्हीचं चित्रण, घटनास्थळाचे फोटो, भूमि अभिलेखाचा मोजणी नकाशा, एक्स-रे. बाकीची चित्रं आधीच नोंदीवर आलेला पुरावा समजावून सांगतात: घटनांचा तारीखवार तक्ता, पैसे कुठून कुठे गेले याची आकृती, कोण कुठे उभं होतं हे दाखवणारा आराखडा. पहिल्या प्रकारचं चित्र सिद्ध करावं लागतं, त्याला निशाणी क्रमांक (कोर्ट पुराव्याला देतं तो क्रमांक) पडतो आणि त्यावर उलटतपासणी होते. दुसऱ्या प्रकाराला स्वतःचं वजन नसतं. ज्या कागदांवर ते उभं आहे, त्यांचंच वजन त्याला मिळतं.

हा फरक पहिल्याच दिवशी फाईलच्या आतल्या पानावर लिहून ठेवा, कारण कुणाची मदत घ्यायची, खर्च किती करायचा आणि साक्षीदार कोण, हे सगळं त्यावर ठरतं. तारखांचा तक्ता ऑफिसातल्या ज्युनिअरनं केला तरी चालतो. सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेला सारांश आणि तारखांची यादी जोडण्याची पद्धत आपल्याला माहीत आहेच. तीच यादी एका आडव्या रेषेवर मांडली की झाला तक्ता. दिवाणी दाव्यात लेखी युक्तिवादासोबत तो देता येतो. अपघाताच्या वेळी ट्रकचा वेग किती होता हे दाखवणारं चित्र मात्र ज्युनिअरनं काढायचं काम नाही. ते एका अभियंत्याचं मत आहे आणि मत देणाऱ्यानं पिंजऱ्यात यायला हवं.

चित्राची खरंच गरज आहे का, हेही इथेच तपासा. माझा ठोकताळा असा: स्वतःच्या आईला किंवा शेजाऱ्याला प्रकरण तोंडी सांगून बघा. जिथे तुमचे हात आपोआप हवेत फिरायला लागतात, तिथे चित्र हवं. बाकी ठिकाणी शब्द पुरतात.

कुणाकडे जायचं

जमिनीच्या वादापासून सुरुवात करतो, कारण महाराष्ट्रातल्या दिवाणी कोर्टांत सगळ्यात जास्त नकाशे तिथेच लागतात. पहिला दरवाजा तालुक्याच्या उपअधीक्षक भूमि अभिलेख कार्यालयाचा. मोजणीचा अर्ज करा. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, भूकरमापक म्हणजे सरकारी मोजणीदार जागेवर येतो आणि नंतर मोजणी नकाशाची 'क' प्रत मिळते. सोबत गाव नकाशा आणि गटबुक, फाळणी, टिपण या मोजणीच्या नोंदी यांच्या प्रमाणित नकला काढा. जुन्या टिपणांत मापं साखळी आणि आण्यांत असतात. ३३ फुटांची एक साखळी, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. हे गणित नकाशाच्या कोपऱ्यात एकदा लिहिलं की न्यायाधीशांना, समोरच्या वकिलांना आणि साक्षीदारालाही पुढची सगळी मापं वाचता येतात.

इथे कायद्याचा एक बारकावा आहे. सरकारच्या अधिकारानं तयार झालेला नकाशा अचूक आहे असं कोर्ट गृहीत धरतं. पण एखाद्या दाव्यासाठी म्हणून काढलेला नकाशा अचूक आहे हे सिद्धच करावं लागतं. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ८३ मध्ये हे होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ८२ मध्ये आहे. म्हणजे गावाचा मूळ नकाशा आणि तुमच्या वास्तुविशारदानं काढलेला नकाशा एका तराजूत बसत नाहीत. खासगी सर्वेअरचा नकाशा उपयोगी असतो, पण त्याच्यामागे माणूस उभा करावा लागतो.

दोन्ही बाजूंची मापं जुळत नसतील तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम ९ खाली कोर्ट कमिशनर, म्हणजे जागा पाहून कोर्टाला अहवाल देणारा माणूस, नेमण्याचा अर्ज करा. हद्दीच्या वादात भूमि अभिलेखाच्या अधिकाऱ्यालाच कमिशनर नेमावं अशी मागणी करणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं. खर्चाची रक्कम कोर्ट सांगेल त्या पक्षाला आधी भरावी लागते. मात्र अर्जात "प्रतिवादीनं अतिक्रमण केलंय हे शोधण्यासाठी" असं लिहू नका. समोरचा वकील लगेच म्हणेल की हे कोर्टाकरवी पुरावा गोळा करणं झालं. काय मोजायचं, कोणत्या गटांची कोणती हद्द, कोणत्या जुन्या नोंदीच्या आधारे, एवढंच नेमकं लिहा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. इमारतीच्या वादात वास्तुविशारद किंवा स्ट्रक्चरल इंजिनीअर. अपघातात वाहन तपासलेला मोटार वाहन निरीक्षक आणि गरज पडल्यास मेकॅनिकल इंजिनीअर. जखमेच्या बाबतीत उपचार केलेले डॉक्टर, कारण एक्स-रेवर बोट ठेवून "हाड इथे मोडलं होतं" हे तेच सांगू शकतात. शरीराचं रंगीत चित्र इंटरनेटवरून उतरवून त्यावर बाण मारण्यापेक्षा साध्या छापील आराखड्यावर डॉक्टरांच्या हातची खूण कितीतरी भारी पडते. हिशेबासाठी चार्टर्ड अकाउंटंट. मोबाईल, डीव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारं यंत्र) आणि पेन ड्राइव्हसाठी डिजिटल फॉरेन्सिकचा जाणकार. फौजदारी तपासात हे काम पोलीस मुंबईत कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे किंवा तिच्या विभागीय प्रयोगशाळेकडे पाठवतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९-अ खाली अधिसूचित झालेल्या परीक्षकाचं मत कोर्टापुढे सर्वांत भक्कम मानावं.

आणि डिझायनर? तो सगळ्यात शेवटी येतो. तज्ज्ञानं जे ठरवलं ते वाचता येईल असं मांडणं, एवढंच त्याचं काम. कोर्टाबाहेर मराठी टायपिंग आणि डीटीपी करणारे अनेकजण हे उत्तम करतात, त्यांना निशाण्या आणि याद्यांची भाषा कळते. एवढं मात्र सांगा की काम युनिकोडमध्ये करा आणि शेवटची प्रत पीडीएफ द्या. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला तक्ता दुसऱ्या संगणकावर उघडला की 'वादी'च्या जागी भलत्याच खुणा दिसतात, आणि ते कळतं तेव्हा तारीख पुकारलेली असते.

पहिली भेट

तज्ज्ञाला भेटायला जाताना तोंडी गोष्ट घेऊन जाऊ नका. एक पत्र द्या. त्यात तीन गोष्टी असू द्या: कोणत्या प्रश्नाचं उत्तर हवंय, कोणते कागद दिलेत त्यांची यादी आणि काम कधीपर्यंत हवंय. तुम्हाला कोणतं उत्तर आवडेल हे लिहू नका, बोलूही नका. उलटतपासणीत हे पत्र मागितलं जाऊ शकतं आणि ते न संकोचता दाखवता आलं पाहिजे.

फी ठरवताना ती निकालावर अवलंबून ठेवू नका. "जिंकलो तर अमुक टक्के" हे शब्द एकदा बाहेर आले की त्या तज्ज्ञाचं पुढचं एकही वाक्य कोर्ट मोकळ्या मनानं ऐकणार नाही. जागा पाहण्याची, अहवालाची आणि साक्षीसाठी येण्याची फी वेगवेगळी लिहून घ्या. तारखा पडत जातात, आणि चौथ्या तारखेला "मला पुण्याहून यायला जमणार नाही" असं ऐकायला लागू नये.

गुप्ततेचा विचारही याच भेटीत करा. वकील आणि पक्षकार यांच्यातल्या बोलण्याला कायदा जे संरक्षण देतो ते कलमाच्या शब्दांत दुभाष्या आणि वकिलाचे कारकून, कर्मचारी यांच्यापर्यंत जातं. बाहेरच्या डिझायनरचं नाव त्यात नाही. म्हणून त्याला संपूर्ण फाईल देऊ नका, चित्रापुरते कागद द्या. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची किंवा कोणत्याही बालकाची ओळख पटेल असं नाव, फोटो, शाळा किंवा घराचा नकाशा ऑफिसाबाहेर जाता कामा नये. असे आराखडे ऑफिसातच आणि नावांऐवजी अक्षरं वापरून करा.

तज्ज्ञाची निवड करताना त्याचं पूर्वीचं काम बघण्यापेक्षा त्याला एक साधा प्रश्न विचारावा असं मला वाटतं: "या प्रकरणात तुम्ही काय सांगू शकणार नाही?" ज्याच्याकडे या प्रश्नाला सरळ उत्तर आहे त्याच्यावर विश्वास ठेवा. "सगळं दाखवून देतो, काळजी करू नका" म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

कच्चा आराखडा आणि तीन रकान्यांचा तक्ता

पहिला आराखडा हातात आला की मी एका कागदावर तीन रकाने आखतो. डावीकडे चित्रातली प्रत्येक खूण, रेष, आकडा. मधे त्याचा आधार: निशाणी क्रमांक किंवा साक्षीदाराचं नाव. उजवीकडे पान आणि परिच्छेद. मग एकेक खूण घेऊन तपासतो. ज्या खुणेसमोर मधला रकाना रिकामा राहतो ती चित्रातून काढायची. कितीही मोह झाला तरी काढायची. हे काम कंटाळवाणं आहे, दोन-तीन संध्याकाळी जातात. पण याच तक्त्यानं मला सगळ्यात जास्त वाचवलंय.

फौजदारी खटल्यात याला आणखी धार आहे. घटनास्थळाच्या नकाशात तपास अधिकाऱ्यानं स्वतः पाहिलेलं असतं आणि साक्षीदारांनी सांगितलेलंही असतं. ही दोन्ही एकाच नकाशात मिसळली की घोटाळा होतो. तोरी सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या, १९६२ च्या एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर) या निवाडेसंग्रहात छापलेल्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं: अधिकाऱ्यानं जागेवर स्वतः जे पाहिलं तेवढ्यापुरताच नकाशा चालेल. साक्षीदाराच्या सांगण्यावरून केलेली खूण म्हणजे पोलिसांसमोरचा जबाबच, आणि तो त्या वाटेनं आत आणता येत नाही. तेव्हाचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६२, आताचं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१. म्हणून तुमच्या आराखड्यात भिंत, दार, विजेचा खांब, अंतर एवढंच छापलेलं असू द्या. "आरोपी इथे उभा होता" ही फुली साक्षीदारानं कोर्टात, स्वतःच्या हातानं, कोऱ्या प्रतीवर मारावी. त्यासाठी कोऱ्या प्रती जास्त काढा, प्रत्येक साक्षीदाराला वेगळी.

चित्रावर उत्तर दिशा, प्रमाण, जागा पाहिल्याची तारीख, काढणाऱ्याचं नाव आणि सही, खुणांची सूची हे असलंच पाहिजे. प्रमाणात नसेल तर "प्रमाणात नाही" असं ठळक लिहा, त्यात कमीपणा नाही. शब्द थंड ठेवा. "बेकायदा भिंत" न लिहिता "भिंत, लांबी ४२ फूट". "जीवघेणा हल्ला" न लिहिता "जखम क्र. २". विशेषण दिसलं की समोरचा वकील हरकतीसाठी उठतो, आणि रास्तच उठतो.

रंगांबद्दल एक कळकळीची विनंती. तुमचं चित्र पुढे झेरॉक्सवर जाणार आहे. नकलेच्या अर्जावर मिळणारी प्रत बहुधा काळीपांढरी असते, आणि तिच्यात लाल आणि हिरवा सारखेच करडे दिसतात. म्हणून रंगासोबत तिरक्या रेघा, ठिपके, जाळी अशी भरणी वापरा आणि अंतिम करण्याआधी एक झेरॉक्स काढून बघा. ज्यांना लाल-हिरवा फरक डोळ्यांना कळत नाही अशी माणसंही असतात, न्यायासनावरही असू शकतात.

व्हिडिओ: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

डीव्हीआर जागा भरली की जुनं पुसून नवं लिहितो. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत तुम्हाला हव्या त्या रात्रीचं चित्रण नाहीसं होतं. त्यामुळे पक्षकार ऑफिसात आल्या दिवशीच दुकानदाराला, सोसायटीला किंवा संबंधित कार्यालयाला चित्रण जपून ठेवण्याची लेखी नोटीस पाठवा आणि पोच घ्या. गरज असेल तर कोर्टात अर्ज करा.

मग तज्ज्ञाला सोबत न्या. डीव्हीआरच्या घड्याळातली वेळ आणि खरी वेळ यातला फरक दोन माणसांसमोर लिहून ठेवा, कारण ही घड्याळं अनेकदा मागेपुढे असतात. मूळ स्वरूपात नक्कल घ्या आणि ती चालवणारा प्लेअरही सोबत घ्या. हॅश व्हॅल्यू काढून घ्या. हॅश म्हणजे फाईलच्या बोटाचा ठसा: आत एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. ती फाईल व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तिथे ती दाबून लहान केली जाते आणि पोचते ती वेगळीच फाईल. उजळ केलेलं, संथ केलेलं किंवा मोठं केलेलं चित्रण मूळ नकलेपासून वेगळं ठेवा आणि काय काय केलं याची टीप तज्ज्ञाकडून सहीनिशी घ्या.

आता प्रमाणपत्र. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यायचं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खालचं प्रमाणपत्र दोन भागांत आहे. भाग अ त्या उपकरणाचा ताबा किंवा व्यवस्था ज्याच्याकडे आहे त्या बाजूनं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं. दोन्हींत हॅश व्हॅल्यू आणि ती कोणत्या पद्धतीनं काढली हे लिहायचं. इलेक्ट्रॉनिक नोंद जेव्हा जेव्हा दाखल कराल तेव्हा प्रमाणपत्र सोबत हवं. नवा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याआधीपासून प्रलंबित असलेली प्रकरणं १८७२ च्या कायद्यानं, म्हणजे जुन्या कलम ६५-ब नं चालतात. कोणता नमुना लावायचा हे दावा दाखल झाल्याची तारीख बघून ठरवा.

हे किती महत्त्वाचं आहे ते समजायला जालन्याचं प्रकरण वाचा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज वेळ संपल्यावर घेतला गेला असा आक्षेप पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी घेतला, आणि आधार होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणाचा. त्याच्या सीडी मिळाल्या, पण मागूनही प्रमाणपत्र मिळालं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं अधिकाऱ्याच्या साक्षीवरून पुरेशी पूर्तता झाली असं मानून २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नक्कल दाखवायची तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मूळ उपकरणच त्याच्या मालकानं पिंजऱ्यात येऊन दाखवलं तर गोष्ट वेगळी. आणि पक्षकारानं शक्य ते सगळं करूनही समोरच्या कार्यालयानं प्रमाणपत्र दिलंच नाही, तर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करत नाही. बाकीचा पुरावा पुरेसा असल्यानं खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं.

यातून हातात धरायची गोष्ट अशी: प्रमाणपत्रासाठी लेखी मागा, पोच जपा, पुन्हा मागा, तरी मिळालं नाही तर कोर्टाला आदेश द्यायला सांगा. "शक्य ते सगळं केलं" हे त्या पोचपावत्यांनीच दिसतं.

ॲनिमेशनबद्दल फार लिहीत नाही. संगणकावर अपघात पुन्हा घडवून दाखवता येतो, पण त्यातली प्रत्येक हालचाल एखाद्या गृहीतकावर चालते: वेग, रस्त्याचा ओलावा, ब्रेक कधी दाबला. ती गृहीतकं पहिल्याच पडद्यावर लिहा आणि मत इंजिनीअरचं असू द्या. ते नसेल तर रस्त्यावरच्या टायरच्या खुणांचे मोजपट्टीसह काढलेले चार फोटो जास्त काम करतात.

हिशेबाचे गठ्ठे

बँकेची हजार पानं कोर्टात कुणी चाळत बसत नाही आणि कायदाही तशी अपेक्षा करत नाही. कागद इतके असतील की कोर्टात सोयीनं तपासता येणार नाहीत, तर त्यांचा एकूण निष्कर्ष ते तपासलेल्या जाणकार माणसाच्या साक्षीनं आणता येतो. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६० मध्ये ही सोय आहे. म्हणून तक्ता सीएकडून करून घ्या, तपासलेल्या कागदांची यादी जोडा आणि मूळ गठ्ठा समोरच्या बाजूला बघायला उपलब्ध ठेवा. बँकेच्या उताऱ्यांना बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टप्रमाणे बँकेचं प्रमाणपत्र लागतं. ते शाखेतून आणायला वेळ लागतो, आधीच अर्ज द्या.

कोर्ट हॉल

सुनावणीच्या निदान एक दिवस आधी त्या हॉलमध्ये जाऊन या. प्लग कुठे आहेत, पडदा किंवा मॉनिटर आहे का, दुपारी खिडकीतून ऊन कुठे पडतं, पिंजऱ्यातून साक्षीदाराला पडदा दिसतो का. बेंच क्लार्कला नम्रपणे विचारा, त्यांना सगळं माहीत असतं. दाखवण्याची परवानगी अर्जानं मागा आणि समोरच्या वकिलांना प्रत आधी द्या. ऐनवेळी चित्र बाहेर काढून चकित करण्यात काहीही फायदा नाही. तारीख मात्र जाते.

लॅपटॉपवर त्या प्रकरणाशिवाय दुसरं काही उघडलेलं नको, सूचना बंद, इंटरनेटची गरज शून्य. वायर, अडॅप्टर, एक्स्टेन्शन बोर्ड स्वतःचा. आणि वीज गेली तरी काम थांबू नये म्हणून मोठ्या आकारात छापलेले चार संच: न्यायाधीश, समोरची बाजू, साक्षीदार, तुम्ही.

तज्ज्ञाची तयारी करून घ्या, पण उत्तरं पाठ करून घेऊ नका. दिवाणी दाव्यात त्याची सरतपासणी, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या बाजूची साक्ष, शपथपत्रावर येते. त्यात निष्कर्षाइतकीच कारणं सविस्तर हवीत. कारणांशिवायचं मत कोर्ट बाजूला ठेवतं. त्याला एवढं सांगा: प्रश्न पूर्ण ऐका, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, माझ्याकडे बघू नका.

"इथे" म्हणजे कुठे?

साक्ष चालू असताना साक्षीदार पडद्याकडे बोट दाखवून म्हणतो, "तो इथून इथे आला." हॉलमधल्या सगळ्यांना कळतं. जबानीत मात्र टाईप होतं: "तो इथून इथे आला." चार वर्षांनी अपिलात ती जबानी वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. कोल्हापूर आणि आसपासच्या जिल्ह्यांतलं उच्च न्यायालयातलं अपील पूर्वी मुंबईला जात असे. आता कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे जातात. पण बेंच कुठेही असो, त्यांच्यासमोर फक्त कागद असतात. म्हणून चित्रावर आधीच अ, ब, क असे बिंदू द्या. साक्षीदारानं बोट दाखवलं की लगेच विचारा: "म्हणजे बिंदू अ पासून बिंदू क पर्यंत?" तो "हो" म्हणेल आणि तेच लिहिलं जाईल. व्हिडिओ दाखवताना थांबवा आणि पडद्यावरची वेळ मोठ्यानं वाचून नोंदवून घ्या: "२१ वाजून १४ मिनिटं ०८ सेकंदांवरचं दृश्य दाखवल्यावर साक्षीदार म्हणतो की..."

साक्षीदारानं खूण केलेल्या प्रतीवर त्याची सही, तारीख आणि निशाणी क्रमांक पडला आहे ना, हे त्याच दिवशी कोर्ट उठण्याआधी बघा. उरलेल्या कोऱ्या प्रती, डिझायनरकडची मूळ फाईल, हॅश काढलेली नक्कल आणि तीन रकान्यांचा तक्ता एका पाकिटात घालून त्यावर दावा क्रमांक लिहा. अपिलाची मुदत संपेपर्यंत आणि अपील झालं तर त्याचा निकाल लागेपर्यंत ते पाकीट ऑफिसच्या कपाटातून हलवू नका.